ऑप्टिमिस्टची पहिली बाहेरगावची रेगाटा: प्रवेश, मोजणी आणि नियमांबद्दल विचारायचं आहे

कोथरूडची_आई:

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा डिसेंबरात 12 पूर्ण करेल. ऑप्टिमिस्ट (मुलांनी एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी) चालवते, सराव खडकवासल्याच्या पाण्यावर. जुलैत हैदराबादला हुसेनसागरावर रँकिंगची रेगाटा, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शर्यती, आहे, तिथे तिचं नाव द्यायचं आहे. 'नोटिस ऑफ रेस'ची पीडीएफ दोनदा वाचली, पण निम्मी वाक्यं दुसऱ्याच कुठल्या तरी नियमाकडे बोट दाखवतात.

नाव देण्यासाठी नक्की काय काय लागतं? होडी आमची सेकंडहँड आहे, मोजणीत कशावर अडवतात? आणि कुणी प्रोटेस्ट, म्हणजे नियम मोडल्याची तक्रार, केली तर 12 वर्षांच्या मुलीने करायचं काय? होडी इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी, हेही ठरत नाहीये.

शीडवारा:

ताई, आधी कोणतं पुस्तक कुठे लागू होतं ते लक्षात घेतलंत की पीडीएफ सोपी होईल. पाण्यावरचे नियम 'रेसिंग रूल्स ऑफ सेलिंग'मध्ये आहेत. या खेळाची जागतिक संघटना वर्ल्ड सेलिंग ते दर 4 वर्षांनी काढते. सध्याची आवृत्ती 2025–2028 ची, 1 जानेवारी 2025 पासून लागू, आणि त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. होडी कशी असावी हे ऑप्टिमिस्टच्या क्लास रूल्समध्ये. एनओआर, म्हणजे नोटिस ऑफ रेस, सांगते कोण येऊ शकतं, फी किती, किती शर्यती, किती निकाल वगळणार. आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स, म्हणजे एसआय, सांगतात मार्क (वळसा घालायच्या तरंगत्या खुणा) कुठल्या रंगाचे, कोर्स कसा, किनाऱ्यावर झेंडे कुठे लागणार. एसआय बहुधा अगदी शेवटी, नोंदणीच्या वेळी हातात येतात. त्या रात्री मुलीबरोबर बसून पेन्सिल घेऊन वाचा. एनओआर आणि एसआय मूळ पुस्तकातले काही नियम बदलू शकतात, पण कोणता नियम बदलला त्याचा क्रमांक द्यावाच लागतो. तुम्हाला जी बोटं दाखवलेली दिसली ती हीच. तेवढे क्रमांक पुस्तकात उघडून बघितले की पुरे.

आता पात्रता. नियम 75 प्रमाणे नाव देणारा माणूस राष्ट्रीय संघटनेचा, किंवा तिला संलग्न असलेल्या क्लबचा सदस्य असावा लागतो (क्लब स्वतःही नाव देऊ शकतो). आपल्याकडे ही संघटना म्हणजे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया, वायएआय. तेव्हा मुलगी जिथे शिकते ती संस्था संलग्न आहे का, हे आज विचारा. नसेल तर वैयक्तिक सदस्यत्व काढायला वेळ जातो आणि फॉर्मवरचा सदस्य क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवून चालत नाही. वयाचं म्हणाल तर ऑप्टिमिस्टमध्ये ज्या वर्षी मूल 15 पूर्ण करतं त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत खेळता येतं. तारीख नव्हे, वर्ष मोजतात, त्यामुळे तुमच्या मुलीला अजून बरेच हंगाम आहेत.

कागदांत जन्मदाखला (महापालिकेचा, त्यावर मुलीचं नाव चढवलेलं असावं), आधार, पालकांच्या सहीचं संमतिपत्र, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं पत्र, होडीचं मेझरमेंट पुस्तक (मोजमापांची नोंद), आणि एनओआरमध्ये मागितला असेल तर थर्ड पार्टी विमा. विम्याची किमान रक्कम तिथेच लिहिलेली असते. घरगुती अपघात विमा इथे चालत नाही, कारण प्रश्न दुसऱ्याच्या होडीच्या नुकसानीचा असतो. मुलगी दम्याचा पंप किंवा रोजचं काही औषध घेत असेल तर ते उत्तेजकांच्या यादीत बसतं का, हे डॉक्टरांकडून आधीच तपासून घ्या. हा नियम मुलांनाही लागू आहे.

आणखी एक. जबाबदारीच्या घोषणेवर सही करताना नियम 3 वाचा. शर्यतीत उतरायचं की नाही, आणि उतरल्यावर चालू ठेवायची की नाही, ही जबाबदारी सर्वस्वी होडीची आहे, आयोजकांची नाही. वारा झेपत नसेल तर परत फिरणं हा तिचा हक्क आहे. हे मुलीला तुम्ही घरी सांगितलेलं बरं. तिथे किनाऱ्यावर कुणी सांगत बसणार नाही.

मोजपट्टी:

मोजणीबद्दल लिहितो. दर रेगाटाला चार-पाच मुलं त्याच त्या गोष्टींवर अडतात आणि पहिल्या दिवसाचा सराव त्यात जातो.

पहिली गोष्ट पेंटर, म्हणजे पुढे बांधलेला ओढायचा दोर. क्लास रूलप्रमाणे तो एकसंध, तरंगणारा, किमान 5 मिमी जाडीचा आणि किमान 8 मीटर लांब हवा, आणि डोलकाठीच्या आडव्या फळीला किंवा डोलकाठीच्या पायाला पक्का बांधलेला हवा. बोहरी आळीत गेलात की दुकानदार पांढरा मऊ नायलॉन पुढे करेल. तो बुडतो. पॉलिप्रॉपिलीनचा मागा आणि वीतभर तुकडा बादलीत टाकून बघा. वर राहिला तर घ्या. 8 मीटर मोजून घेतलात तर गाठीत पाऊण मीटर जातो आणि मोजणीत 7.25 भरतो, म्हणून 9 मीटर घ्या. बुडणारा दोर सेफ्टी बोटीच्या पंख्यात गुंडाळला जातो, म्हणून यात कुणी सूट देत नाही.

दुसरी गोष्ट शीड बांधायच्या दोऱ्या. शीड आणि डोलकाठी यांच्यात 10 मिमीपेक्षा जास्त फट चालत नाही. सकाळी बांधताना फट 6 मिमी असते, पण दोरी ताणली की दुपारी 12 होते. ही अट फक्त मोजणीच्या टेबलावरची नाही, शर्यतीतही तपासतात. न ताणणारी बारीक डायनीमा दोरी वापरा, दोन वेढे आणि चौकोनी गाठ. करंगळी फटीत सहज शिरली तर फट जास्त आहे, एवढं मुलीला शिकवून ठेवा.

तिसरी, डोलकाठी अडकवलेली हवी. होडी उलटली तर डोलकाठी छिद्रातून निसटू नये यासाठी क्लॅम्प किंवा दोरी लागते. हे विसरलं तर काय होतं? होडी पालथी होते, डोलकाठी अर्धी बाहेर येऊन तिरकी अडकते, सेफ्टी बोट होडी सरळ करायला जोर लावते आणि आडवी फळी तडकते. दुरुस्ती त्या दिवशी होत नाही.

बाकीचं भराभर: पाणी उपसायचं भांडं होडीला बांधलेलं हवं, वल्हं बांधलेलं हवं, तीन हवेच्या पिशव्या पट्ट्यांसकट हव्यात. पिशव्या आदल्या रात्री फुगवा आणि सकाळी अंगठ्याने दाबून बघा. ज्या पिशवीत अंगठा खोल जातो तिच्या झडपेला साबणाचं पाणी लावा. मात्र भर उन्हात ठेवायच्या असतील तर दगडासारख्या टणक करू नका, हवा तापून शिवण उसवते. फिटिंगसकट होडीचं वजन 35 किलोच्या खाली नको. जुन्या होडीत उलटा त्रास असतो, ती पाणी पिऊन जड होते. महिनाभर कोरड्या जागी उलटी ठेवली तर फरक पडतो.

लाइफ जॅकेटवर आयएसओ 12402-5, 50 न्यूटन असं लिहिलेलं लेबल दिसलं पाहिजे. पर्यटकांना बोटिंगला देतात ती नारिंगी जॅकेटं चालत नाहीत. लेबल धुऊन धुऊन पुसलं गेलं असेल तर जॅकेट कितीही चांगलं असलं तरी परत पाठवतील. शिट्टी जॅकेटला दोरीने बांधलेली हवी, खिशात नव्हे.

शिडावरचा नंबर आणि पुस्तकातला नंबर जुळतो ना, ते आजच बघा. सेकंडहँड होडीबरोबर शीड बहुतेक वेळा दुसऱ्याच होडीचं आलेलं असतं. वेगळ्या नंबरचं शीड वापरायचं तर आधी लेखी परवानगी लागते. नंबर आणि इंग्रजी अक्षरांतलं आयएनडी दोन्ही बाजूंना हवं, उजवीकडचं वरच्या ओळीत, डावीकडचं त्याच्या खाली.

शीडवारा:

सुरुवातीच्या झेंड्यांचं मी पुरवतो. ताई, मुलीला 5 मिनिटांची सुरुवात माहीत असेलच, पण मुलं आवाजावर घड्याळ लावतात आणि तिथेच चुकतात. वेळ झेंड्याची धरतात; भोंगा वाजला नाही तरी झेंडा खरा. 5 मिनिटांना क्लासचा झेंडा वर. 4 ला तयारीचा झेंडा वर. 1 मिनिट उरलं की तयारीचा खाली, लांब भोंगा. शून्याला क्लासचा खाली, शर्यत सुरू.

यातला तयारीचा झेंडा कोणता आहे, त्यावर शेवटच्या मिनिटाचं सगळं ठरतं. निळ्यावर पांढरा चौकोन, म्हणजे पी: रेषेच्या पुढे गेलीस तर मागे येऊन परत निघ, एवढंच. पिवळ्यावर काळा गोल, आय: शेवटच्या मिनिटात रेषेच्या पुढे असलीस तर रेषेच्या टोकाला वळसा घालून मागे ये. लाल-पांढरे चार चौकोन, यू: शेवटच्या मिनिटात रेषेची दोन टोकं आणि पहिला मार्क यांच्या त्रिकोणात सापडलीस तर सुनावणीशिवाय बाद, मात्र ती शर्यत पुन्हा सुरू केली तर परत उतरता येतं. काळा झेंडा: त्याच त्रिकोणात सापडलीस तर बाद, आणि पुन्हा सुरुवात झाली तरी बादच.

ऑप्टिमिस्टमध्ये 40-50 मुलं एका रेषेवर असतात, दोन-तीन वेळा सगळ्यांना मागे बोलावलं की कमिटी यू लावते. तेव्हा सवय अशी लावा: तयारीचा झेंडा वर गेला की मुलीने त्याचं नाव मोठ्याने म्हणायचं. म्हटलं की लक्षात राहतं.

निळ्या क्रॉसचा पांढरा झेंडा आणि एक भोंगा म्हणजे कुणीतरी एक-दोघं पुढे गेली आहेत. ते आपण नाही अशी खात्री नसेल तर परत फिरलेलं बरं: 10 सेकंद जातील, पण शर्यत वाचेल. निळ्या काठाचा पिवळा त्रिकोण आणि दोन भोंगे म्हणजे सगळ्यांनी परत या. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा म्हणजे सुरुवात पुढे ढकलली. पाण्यावर तो उतरला की 1 मिनिटाने 5 मिनिटांची मोजणी सुरू. किनाऱ्यावर तोच लावला तर 1 च्या जागी किती मिनिटं, ते एसआयमध्ये लिहिलेलं असतं.

रेषेवर मुलं सर्वांत जास्त ज्या चुकीने बाद होतात ती ही: कमिटी बोटीच्या बाजूने वरून, म्हणजे वाऱ्याकडून, घुसायचं आणि 'रूम, रूम' ओरडायचं. मार्कवर जागा देण्याचा नियम 18 सुरुवातीच्या मार्कला लागू होत नाही. खालून येणाऱ्या होडीने तिथे जागा द्यायची गरज नाही, उलट वाऱ्याकडच्या होडीने तिच्यापासून दूर राहायचं (नियम 11). दुसरीकडे कोर्सवरच्या मार्कजवळ तीन होड्यांच्या लांबीचं वर्तुळ असतं, ऑप्टिमिस्टला साधारण 7 मीटर. त्या वर्तुळात शिरताना कोण कुणाच्या आत होतं, यावर सगळे वाद होतात, म्हणून मुलीने त्या क्षणी मान वळवून बघायची सवय करावी.

चूक झालीच तर लगेच बाजूला होऊन एकाच दिशेने दोन पूर्ण फेऱ्या, प्रत्येकीत एक टॅक (होडीचं पुढचं टोक वाऱ्यातून फिरवणं) आणि एक जाईब (मागचं टोक वाऱ्यातून फिरवणं). मार्कला नुसता धक्का लागला तर एकच फेरी. 'बघू नंतर' म्हणून चालवत राहिली की फेऱ्यांचा हक्क जातो.

आणि नियम 42. अंगाने होडी डोलवणं, शीड सारखं खेचून पंप करणं, सुकाणू हलवून वल्हवणं, या सगळ्याला मनाई. पंचांनी पिवळा झेंडा दाखवून नंबर पुकारला तर पहिल्यांदा दोन फेऱ्या, दुसऱ्यांदा त्या शर्यतीतून बाहेर, तिसऱ्यांदाही त्या शर्यतीतून बाहेर, आणि तो निकाल वगळताही येत नाही. खडकवासल्याला वारा पडला की मुलं घरी यायला सुकाणू हलवतात. ती सवय अंगात भिनते. सरावातही बंद करा.

कोथरूडची_आई:

फार उपयोग होतोय, दोघांचे आभार. आय आणि यू मधला फरक आम्हाला खरंच माहीत नव्हता. प्रोटेस्टबद्दल अजून विचारायचं आहे. मी खोलीत तिच्याबरोबर बसू शकते का? आणि गुण कसे मोजतात?

ज्यूरीचा_कट्टा:

ताई, बाजू मांडायला जी त्या वेळी होडीत होती तीच लागते, म्हणजे मुलगीच. तेव्हा तिला घरी सराव द्या.

पाण्यावर पहिलं काम: घटना घडताच, पहिल्या संधीला मोठ्याने 'प्रोटेस्ट' म्हणणं. 6 मीटरपेक्षा लहान होडीला लाल झेंडा लागत नाही, पण आवाज ऐकू गेला पाहिजे. समोरच्या होडीचा शीड नंबर तिथेच पाठ करायचा. किनाऱ्यावर येताच वेळेची मर्यादा फलकावर बघायची. एसआयमध्ये वेगळं नसेल तर शेवटची होडी पोहोचल्यापासून 2 तास, पण मुलांच्या रेगाटात ती बहुतेक 60 किंवा 90 मिनिटांवर आणलेली असते. फॉर्मवर आपला नंबर, समोरच्याचा नंबर, आणि घटना कुठे घडली हे नक्की लिहायचं. 'तिने मला अडवलं' एवढं लिहिलं तर ज्यूरीला त्यातून काही कळत नाही. 'दुसऱ्या शर्यतीत, पहिल्या वाऱ्याकडच्या मार्कच्या चार होड्या आधी, मी स्टारबोर्डवर, ती पोर्टवर, मला दिशा बदलावी लागली' असं हवं (स्टारबोर्ड म्हणजे वारा उजवीकडून, पोर्ट म्हणजे डावीकडून). चित्र काढताना वाऱ्याचा बाण आधी काढायचा.

खोलीत टेबलावर छोट्या होड्या ठेवलेल्या असतात. त्या हलवत सांगायचं: आधी मी कुठे, ती कुठे, किती अंतर, वारा किती, मग काय झालं. किती अंतर याचं उत्तर 'जवळ' नसतं, 'अर्धी होडी' असतं. पोर्ट-स्टारबोर्डच्या घटनेत स्टारबोर्डवाल्या मुलीने मला वळावं लागलं एवढं ठामपणे सांगितलं तर पोर्टवाल्या मुलाला आपण पुरेशा लांबून गेलो हे पटवून द्यावं लागतं. साक्षीदार आणायचा असेल तर तो आपला मित्र नसलेला, थोडा लांब आणि पूर्ण घटना दिसेल अशा जागी असलेला चांगला.

ताई, तुमच्यासाठी: नियमांत पालक 'सपोर्ट पर्सन' धरले जातात. शर्यत चालू असताना तुम्ही किनाऱ्यावरून 'उजवीकडे जा' असं ओरडलात तर ती बाहेरची मदत (नियम 41) होते आणि त्याची शिक्षा मुलीच्या होडीला होऊ शकते. सेफ्टी बोटीतून पाण्याची बाटलीसुद्धा शर्यतीच्या मध्ये द्यायची नाही, दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत द्या.

गुण सोपे. पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, असं. कमी गुण तो वर. सुरुवात न करणं, शर्यत पूर्ण न करणं, बाद होणं, या सगळ्याला नोंदलेल्या होड्या अधिक 1. समजा 30 होड्या आहेत आणि मुलीचे सहा निकाल 4, 7, 31 (यू झेंड्याखाली बाद), 5, 8, 6 असे आले. सर्वांत वाईट एक वगळायचा, म्हणजे 31 गेला आणि बेरीज 30 राहिली. पण आणखी एकदा यूमध्ये सापडली तर तो दुसरा 31 वगळता येत नाही आणि ती एकदम खाली घसरते. म्हणून पहिला यू झाला की पुढच्या सुरुवातींना दुसऱ्या रांगेतून निघायला सांगा. किती शर्यती झाल्यावर वगळायला मिळतो ते एनओआरमध्ये बघा, वाऱ्याअभावी तीनच शर्यती झाल्या तर कदाचित काहीच वगळता येणार नाही.

आणि टॅली, म्हणजे कोण पाण्यात आहे याची नोंद. पाण्यात जाण्यापूर्वी फलकावर सही किंवा बिल्ला, परत आल्यावर परत. विसरलं तर गुणांची शिक्षा असते आणि प्रोटेस्टची वेळ संपेपर्यंतच दुरुस्त करता येतं. भूक लागलेली असते, मुलं थेट जेवणाकडे पळतात. टॅली झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही, एवढाच नियम घरात करा.

सोलापूर_रोड:

होडी न्यायची की भाड्याने, यावर माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या रेगाटाला स्वतःची न्या. मुलीला हातातली होडी माहीत असते. पुणे-हैदराबाद सोलापूरमार्गे साधारण 560 किमी. होडी 2.3 मीटरची, गाडीच्या छतावरच्या रॅकवर उलटी नीट बसते. कडेखाली फोमच्या नळ्या, दोन पट्टे आडवे, नाळेला एक दोर बंपरकडे. पट्ट्यांना एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्याने थरथरणार नाहीत. हडपसर सोडलं की एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळा, पहिल्या अर्ध्या तासात ते हमखास सैल होतात. फार आवळूही नका, फायबरची कड चेपते. डोलकाठी, बूम (शिडाखालची काठी), स्प्रिट (शीड ताणणारी तिरकी काठी) सगळ्या 2.4 मीटरच्या आत असतात, त्या गाडीच्या आत तिरक्या बसवता आल्या तर उत्तम. शीड गुंडाळून, घडी घालून नव्हे. डॅगरबोर्ड (होडीखाली पाण्यात सोडायची फळी) आणि सुकाणू बंद गाडीत उन्हात उभे करून ठेवू नका, फोमचा गाभा तापून वाकतो. जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा.

भाड्याचीच घ्यावी लागली तरी शीड, शीट (शीड खेचायचा दोर), टिलर एक्स्टेन्शन (सुकाणूच्या दांड्याची जोडकाठी), जॅकेट आपलंच न्या आणि शिडाच्या नंबरची परवानगी नोंदणीच्या वेळीच लेखी घ्या. ताबा घेताना सगळ्या ओरखड्यांचे फोटो काढा, अनामत परत घेताना लागतात.

वाऱ्याबद्दल एक. खडकवासल्याला पावसाळ्यात वारा पश्चिमेच्या डोंगरांवरून झोतांनी येतो, तशी मुलीला सवय असेल. हुसेनसागर शहराच्या मधोमध आहे, भोवती इमारती, त्यामुळे झोत तर येतातच, शिवाय दिशाही सारखी बदलते. शर्यतीआधी 20 मिनिटं लवकर पाण्यात जाऊन दोन्ही बाजूंना वाऱ्याकडे वर चालवून बघायला सांगा. पाण्यात गवत, प्लॅस्टिक असतं. होडी अचानक जड वाटली तर डॅगरबोर्ड अर्धा वर करून खाली सोडायचा आणि मागे सुकाणूकडे बघायचं.

कोथरूडची_आई:

नंबर तपासला, खरंच जुळत नाही. शिडावरचा वेगळा आहे, पुस्तकातला वेगळा.

मोजपट्टी:

मग आजच आयोजकांना ईमेल करा: दोन्ही नंबर, पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो, शिडाच्या दोन्ही बाजूंचे फोटो. उत्तर छापून मुलीच्या फाइलमध्ये मेझरमेंट पुस्तकाच्या वर ठेवा. परवानगी मिळाली नाही तर जुने आकडे हेअर ड्रायरने गरम करून हळूहळू सोलून काढा, डिंक स्पिरिटने पुसा, आणि नवे आकडे शीड सपाट टेबलावर पसरून चिकटवा. उभं धरून चिकटवले तर बुडबुडे राहतात आणि दुसऱ्या दिवशी कडा उचलतात.